संत्र्याचं नाव घ्यायचं नाही

संत्र्याच्या घरात जन्मलेल्या मुलीला संत्राच चालत नसेल तर तिचं काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे वर्ष-सव्वा वर्ष रोज ताटात वाढला जाई. आमचं घर रामाकोन्याच्या अलीकडे, सौंसरच्या रस्त्याला लागून. मागे विहीर आणि विहिरीच्या मागे बगिचा. आमच्या भागात बगिचा म्हटलं की कुठला, असं कुणी विचारत नाही, संत्र्याचाच. वरच्या शेतात पराटी म्हणजे कपाशी होती, तूर होती, पण त्यांची गणती नुसती शेतात. बगिचाची गोष्ट वेगळी. बाबा सकाळी उठले की तोंड धुण्याआधी बगिचात एक चक्कर मारून येत आणि माय म्हणे, "पाहून आले का लेकरं? आता घरचेही पाहा." बाबांच्या बोटांत सालीचं तेल इतकं मुरलेलं होतं की त्यांनी डोक्यावरून हात फिरवला तरी केसांना दिवसभर संत्र्याचा वास येई. वाळवलेल्या सालीची पूड दिवाळीत अंगाला, छाटणीच्या फांद्या चुलीला, आणि कुठल्याही पाहुण्याकडे जाताना हातात संत्र्यांची पिशवी. मयतीला जातानासुद्धा बाबांचा हात सवयीने पिशवीकडे जाई आणि माय तो मागे ओढी.

या घरात मला एक मान होता. माल झाडावर असतानाच बेपारी येई, बगिचा फिरून पाही, आणि सौद्याआधी घरच्या पोराने त्याच्यासमोर एक फळ सोलून खायचं. बेपारी फळाकडे पाहत नसे. तो पोराच्या तोंडाकडे पाही. मोठी माणसं तोंड सांभाळतात, पोरांना ते जमत नाही, एवढाच त्यातला हिशेब. माझा धाकटा भाऊ गज्जू या कामी अगदीच निकामी. तो कच्ची चिंचही डोळे मिटून आनंदाने खाणारा. त्याच्या तोंडावरून कशाचाच भाव ठरला नसता. माझं तोंड मात्र खरं होतं. गोड लागलं की भुवया वर जात, आंबट लागलं की एक डोळा बारीक होई. भाऊराव नावाचे आमचे नेहमीचे बेपारी पांढुर्ण्याहून येत आणि ओसरीवर टेकता टेकताच विचारत, "कुंदाबाई कुठं हाय? तिच्याबिगर आपला बजारच नाई." मी शाळेतून आल्यासारखी ऐटीत येई. पहिल्या नंबराचं मला कधी एवढं वाटलं नाही, जेवढं त्या एका फळाचं वाटे.

ते सगळं एका लग्नाने बिघडलं. लोधीखेड्याच्या पलीकडे मायच्या नात्यातलं लग्न होतं. फाल्गुनाचं ऊन, मृग बहराचा माल नुकताच उतरलेला, बैलबंडीत संत्र्यांचं पोतं आणि पोत्यावर मी. तिथे पोहोचेपर्यंत मी किती खाल्ले ते मला माहीत नाही, पण गज्जूने सालींनी माझी वेणी सजवली होती एवढं आठवतं. मांडवात पाणी कुठल्या टाकीचं होतं देव जाणे. पंगत उठली आणि रात्रीतून वऱ्हाडी काय, घरचे काय, सगळे लोटे घेऊन पळायला लागले. नवरदेव मांडवात उभा राहायचा तेवढा राहिला, बाकी वेळ तोही दिसला नाही. घरी आल्यावर दोन-चार दिवसांत सगळे बरे झाले. मीही झाले. पण पुन्हा संत्रा खाल्ला आणि थोड्या वेळात बेंबीभोवती असा पीळ पडला की मी चुलीपुढेच बसकण मारली. मायला वाटलं, आजारपणाचं राहिलं असेल थोडं. महिन्याने पुन्हा खाल्ला, पुन्हा तेच. भाकर चाले, वांग्याची भाजी चाले, लग्नात खाल्ले तसलेच बुंदीचे लाडूही चालले. संत्रा नाही.

कार्तिकात भाऊराव आले. मी नको म्हणत होते, पण बाबांनी डोळ्यांनी विनवलं आणि मी खाल्ला. फळ मधासारखं गोड होतं. भुवया वर गेल्या, भाऊराव हसले, बाबांनी मिशीवरून बोट फिरवलं. आणि चहा संपेपर्यंत मी ओसरीच्या खांबाला धरून दुमडले. भाऊरावांनी बशी खाली ठेवली. "पाटील, फवारलं काय मालावर?" बाबांनी एकामागून एक इतकी फळं सोलून खाल्ली की शेवटी भाऊरावच म्हणाले, पुरे आता, तुमालेच काई होईन. सौदा झाला, पण बाबांचा चेहरा पडला तो पडलाच.

तेव्हापासून घरात दोन पार्ट्या झाल्या. बाबांची पार्टी म्हणे, मनाचे खेळ आहेत. त्यांनी मला पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, आणि "काही नाही" म्हणाले. ते "काही नाही" बाबांनी पुढे वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. "डाक्टर म्हने काई नाई. भेव बसलं हाय पोरीच्या मनात, बस." मायची पार्टी म्हणे, दुखणं पोटातलं आहे. "मनाचं असतं तं पोट असं दगडावानी होते का? हात लावून पाहा." गज्जू ज्या पार्टीकडे त्या दिवशी काही खायला मिळेल तिकडे. आणि मी? दुखायचं मला, पण मला कुणी कुठल्याच पार्टीत घेतलं नव्हतं.

मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत हे सगळं गमतीत चालून गेलं. निकाल चांगला लागला. मला पुढे सायन्स शिकायचं होतं, नागपूरला, होस्टेलात राहून. मास्तरांनी शिफारस केली, फॉर्म आणून दिला, नागपूरच्या मावशीने पत्रातून होकार कळवला की दर रविवारी ती होस्टेलात येऊन मला पाहून जाईल. मी मनातल्या मनात ट्रंक भरूनही टाकली होती. बाबा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी जे म्हटलं ते नाहीपेक्षा अवघड होतं. विहिरीवर पाय धुता धुता म्हणाले, "बिमारी असंन तर पाठवत नाई. बिमार पोरगी परक्या गावात कोन पाहीन? मनाचं असंन तर जाय बाप्पा खुशाल."

माझी अडचण पाहा. वर्षभर मी घसा फोडून सांगत होते की मी नाटक करत नाही, खरंच दुखतं. ते खरं ठरलं की नागपूर गेलं. आणि नागपूर हवं असेल तर सगळ्यांसमोर कबूल करायचं की हो, मी उगाच पोट धरून बसत होते. मायच्याही हे लक्षात आलं. ती त्या दिवसापासून पोळ्या लाटताना मध्येच थांबू लागली.

बाबांना मात्र खरं काय ते पाहायचंच होतं. ते शेतकरी होते. खत बदललं तर एका ओळीला देऊन, दुसऱ्या ओळीला न देऊन पाहणारे. ज्येष्ठात आंबिया बहराची संत्री लिंबाएवढी असतात आणि वारा सुटला की त्यातली कितीतरी गळून पडतात. ही गळ आमच्याकडे कुणी फेकत नाही. कुणी लोणचं घालतं, कुणी चिंच संपली की वरणात पिळतं. शिजल्यावर लिंबू कुठलं आणि गळीचं फळ कुठलं, जीभ सांगू शकत नाही. तर एके सकाळी माय विहिरीवर गेली असताना बाबा, ज्यांनी जन्मात चुलीकडे पाहिलं नव्हतं, ते स्वयंपाकघरात शिरले, खिशातून गळीची फळं काढली आणि वरणाच्या गंजात पिळून, पळीने ढवळून, साली खिशात घालून बाहेर ओसरीवर जाऊन बसले. हे अर्थात नंतर कळलं. त्या दुपारी एवढंच कळलं की वरण फार बेस झालंय. मायलाही नवल वाटलं. "आज काय झालं या वरनाले?" ती दोनदा म्हणाली. मी वाटी पुन्हा भरून घेतली. बाबा जेवत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, भाऊराव पाहत तसे.

जेवण आटोपून मी भांडी घासायला बसले आणि घासता घासता तो पीळ आला. ओळखीचा, बेंबीभोवतीचा. मला काही उमजेना. संत्र्याला तर मी शिवलेही नव्हते. माय धावत आली, ओवा आणला, विटकर तापवून फडक्यात गुंडाळली. बाबा दारात उभे होते. त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. खिशातून त्यांनी त्या पिळलेल्या साली काढल्या आणि मायपुढे धरल्या. "म्या टाकलं होतं वरनात. तिले मालूम नोतं. म्हनजे मनाचं नाई हे." मग माझ्याजवळ उकिडवे बसले. "पोरी, तू खरं सांगत होती वं." इतकंच. वर्षभर मी त्या वाक्याची वाट पाहत होते, आणि ते आलं तेव्हा मला रडूच फुटलं, कारण त्याच वाक्यात माझं नागपूर बुडत होतं. संध्याकाळी बाबांनी तसं बोलूनही दाखवलं. फॉर्म देव्हाऱ्यात ठेवला होता, तो तिथून काढून फडताळात ठेवला.

आता माझी माय. अक्षरओळख सहीपुरती, पण हार मानण्याची सवय नाही. वर्षभर "पोटातलं आहे" म्हणून भांडलेली बाई रातोरात बाबांच्या पार्टीत गेली. तिने काय केलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी शेतावरून तापून आले तेव्हा माझ्या हातात सरबताचा पेला दिला. गूळ, मीठ, जिऱ्याची पूड, छान आंबटगोड. मी तो एका दमात संपवला. पेला हातात घेत माय अगदी सहज म्हणाली, "संत्र्याचा होता वं. राह्यलाच नाई ध्यान." माझ्या पोटात गोळा आला. आणि तो गोळा बोलण्यापुरता नव्हता. तो खाली सरकला, फिरला, आणि बाज गाठेपर्यंत मी पोट धरून वाकले होते. मायने ओसरीवर जाऊन आवाज दिला. "अजी, इकडं या. पाहा हे. पुन्हा दुखून राह्यलं. आन् पेल्यात निंबू होतं, निंबू! इचारा गज्जूले, त्यानंच आनलं झाडाचं." गज्जूने साक्ष दिली. "म्हनजे मनाचं हाय," माय म्हणाली. "जाऊ द्या तिले नागपूरले."

बाबा गडबडले. "अवं, पन परवा वरनानं दुखलं ते?"

"ते तुमचं तुमी पाहा. म्या माह्यं दाखवलं."

आणि मग माझ्या बाजेच्या दोन बाजूंना उभे राहून ते दोघे कडाकडा भांडू लागले. गंमत ही की आता बाबा म्हणत होते पोटातलं, आणि माय म्हणत होती मनातलं. पार्ट्या तशाच, माणसं बदललेली. आज हसू येतं. तेव्हा मला संताप आला, आयुष्यात पहिल्यांदा आईबापांचा असा संताप. मी उठून बसले. "माह्यं पोट हाय हे, का तुमची गावपंचायत? एक चोरून वरनात टाकते, एक चोरून सरबतात नाई टाकत. दोन्ही बखत दुखलं. खरंच दुखलं. कोनाच्यानं दुखलं ते तुमी ठरवत बसा, मले जाऊ द्या."

बाबा बाजेच्या कडेला टेकले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिथं दुखलं तं काय करशीन?"

"इथं काय करते? ओवा खाते, पोट शेकते, पडून राहते. घंट्या-दोन घंट्यात जाते."

"आन् आमी नसलो जवळ तं?"

"तुमी जवळ असून काय करता? भांडता. तिथं कोनी भांडनार नाई, लवकर बरी होईन."

गज्जू फिस्सकन हसला. मायने पदर तोंडाला लावला. बाबांनी हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते मिशीच्या एका बाजूने निसटलंच. ते उठले, फडताळातून फॉर्म काढला आणि सही करायला चष्मा शोधू लागले.

या भांडणाचा निकाल लागायला मात्र पुढे सगळं आयुष्य जावं लागलं. मी जीवशास्त्र शिकले, तेच शिकवलं, निवृत्त झाले, आणि शाळेच्या पुस्तकात पोट एका धड्यात, नसा दुसऱ्या धड्यात आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी तिसऱ्या धड्यात, असंच मुलांना सांगत आले. निकाल लावला गज्जूच्या मुलीने. आमची सई पुण्याला एका प्रयोगशाळेत आतड्यांवरच काम करते. मागच्या दिवाळीत ती घरी आली होती, गज्जू वरणाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होता, सगळे हसत होते आणि ही एकटी गंभीर. म्हणाली, "आत्या, आजोबा आणि आजी दोघेही बरोबर असू शकतात." मग तिने सांगितलं ते असं. आतड्यांना स्वतःचं नसांचं जाळं असतं. पचनाचा बराचसा कारभार ते मेंदूला न विचारता पाहतं. त्याच अस्तरात राखणदार पेशी बसलेल्या असतात, काही तर नसांच्या टोकांना खेटून. जंतूंचा दंगा चालू असताना जे अन्न तिथून जात असतं, ते बिचारं निर्दोष असलं तरी राखणदार कधी कधी त्यालाही चोरांच्या टोळीत धरतात. जंतू जातात, नाव राहतं. पुढे तेच अन्न आलं की राखणदार आपली रसायनं सोडतात, शेजारची नस चाळवते आणि आतडं पिळवटतं. अंगावर पुरळ नाही, खाज नाही, दाबून पाहणाऱ्या डॉक्टरला काही दिसत नाही. "हे झालं वरणाचं," सई म्हणाली. "आणि सरबताचं उलट्या दिशेने. माणूस घाबरला की निरोप नसांकडून राखणदारांकडे जाऊ शकतो, आणि नसा तर आधीच तापलेल्या."

गज्जूने मान डोलावली. आमच्या बगिचातला राखणदार वानरं दिसली की डबा वाजवी, आणि डब्याचा आवाज आला की कुत्री भुंकत. पण कधी कुत्रीच उगाच भुंकली तरी तो झोपेतून उठून डबा बडवी. गज्जू म्हणाला, "म्हनजे ताईच्या पोटात आपलाच बगिचा होता." मी सईला विचारलं, मग संत्राच का? लग्नातली बुंदी का नाही धरली चोर म्हणून? ती म्हणाली, "ते मला नाही सांगता येणार आत्या. तुझं नेमकं तसंच झालं होतं हेही आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही." मला तिचं हे उत्तर सगळ्यांत आवडलं. राखणदार माझ्यासारखेच म्हातारे झाले असावेत. हल्ली मी दोन-चार फोडी खाते आणि ते झोपून राहतात. आणि एक सांगायचं राहिलं. हे ऐकायला आईबाबा हवे होते असं मला त्या दिवशी फार वाटलं. दोघेही जिंकले असते, आणि जिंकल्यावर कसे भांडले असते ते मला ऐकायचं होतं.

पण सईचं ऐकून झाल्यावर माझ्या मनात जे आलं ते बाबांबद्दल होतं. त्यांना राखणदार पेशी माहीत नव्हत्या, नसांची जाळी माहीत नव्हती. वरणाचा एक आणि सरबताचा एक, असे दोन पुरावे फक्त त्यांच्यासमोर होते, आणि त्यातला कुठलाही त्यांनी खोटा मानला नाही. त्यांनी दोन्हींचा बंदोबस्त केला.

रामाकोन्याहून छोट्या लाईनच्या गाडीने मी नागपूरला गेले. श्रावण संपला, पोळा झाला, मी रुळले. पोट अधूनमधून कुरकुरे, पण भांडणाअभावी लवकर गप्प होई. कार्तिकात, माल उतरायच्या ऐन दिवसांत, बाबा पहिल्यांदा होस्टेलात भेटायला आले. फाटकाजवळच्या बाकावर बसलो. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत चिवडा, तिळाचे लाडू, ओव्याची पुडी, मायने शिवलेली शेकायची वाळूची थैली. मी सवयीने पिशवीच्या तळाशी पाहिलं. तळाशी काही नव्हतं. ज्याचा हात मयतीला जातानाही संत्र्याकडे जाई, तो माणूस हंगामात रिकाम्या तळाची पिशवी घेऊन लेकीकडे आला होता. त्यांनी लाडू काढून माझ्या हातावर ठेवला, आणि तेव्हा मला कळलं की त्यांच्या हाताला वास येत नाही. बोटं लाल, नखांभोवती घासल्याच्या खुणा. "टेसनावरच्या नळावर धुतले," ते ओशाळून म्हणाले. "घरून राखेनं घासूनच निंगालो होतो. पन हे तेल जात नाई वं लवकर."

मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. गज्जूची शाळा, मायचे गुडघे, गाय व्यायली ते. बगिचाचा विषय येईचना. बोलता बोलता तो जवळ आला की बाबा अडखळत, बाजूने निघून जात, आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ते संत्र्याचं नावच घेत नाहीयेत. जशी माय बाबांचं नाव घेत नसे, अगदी तसं. माझ्या पोटाने ऐकू नये म्हणून.

मला राहवलं नाही. मीच विचारलं, "बाबा, यंदा बगिचा कसा हाय?"

बाबांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे, मग फाटकाबाहेर. आवाज खाली आणून म्हणाले, "बरे हायेत ते. तुले इचारून राह्यले होते."